तुकड्या पाडताना तुम्ही नेमकं काय मोजलंत?

खुले पत्र : शाळेच्या मुख्याध्यापकांना, व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना आणि असाच निर्णय घ्यायच्या विचारात असलेल्या सर्व शाळाचालकांना

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात ऑफिसबाहेरच्या फलकावर यादी लागली. येत्या वर्षापासून पाचवीच्या तीन तुकड्या गुणांप्रमाणे पाडायच्या. अ मध्ये वरचे, ब मध्ये मधले, क मध्ये उरलेले. 'उरलेले' हा शब्द माझा नाही, बैठकीत तोच वापरला गेला. मधल्या सुट्टीत मुलं यादीभोवती गोळा झाली. माझ्या वर्गातली एक मुलगी बोट फिरवत आपलं नाव शोधत होती. अ ची यादी संपली, ब ची संपली. क मध्ये नाव सापडल्यावर, शाई ओली असल्यासारखं तिनं बोट झटकन मागे घेतलं आणि कुणी पाहिलं का म्हणून आजूबाजूला नजर टाकली. मी पाहिलं होतं.

मी त्या वर्गाची वर्गशिक्षिका. २४ वर्षं शिकवते आहे. बैठकीत मी हरकत घेतली तेव्हा 'निर्णय झालेला आहे, मॅडम' एवढंच उत्तर मिळालं. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. असे निर्णय एकाच शाळेत होत नाहीत, आणि आपल्या मुलाच्या भल्यासाठीच हे चाललंय असं बऱ्याच पालकांना मनापासून वाटत असतं. त्यांनीही हे वाचावं.

त्या संध्याकाळी मी यादी उतरवून घरी नेली आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं मला ठाऊक असलेल्या चार गोष्टी लिहिल्या. घरात पाठ्यपुस्तक वाचून समजावू शकणारं मोठं माणूस आहे का? अभ्यासाला बसायला जागा आहे का? शिकवणी आहे का? शाळेतून गेल्यावर धाकटं भावंड सांभाळायचं असतं का? तासाभरानं माझ्या लक्षात आलं की चाचणी घेतलीच नसती, नुसती घरं विचारून यादी केली असती, तरी थोड्याफार फरकानं हीच झाली असती. दोन-तीन अपवाद होते. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

यात माझा संबंध काय, तेही सांगते. माझ्या प्रगतिपुस्तकावर आईचा अंगठा असायचा. घरात माणसं खूप, बोलणंही खूप, पण आमच्या घरात प्रश्न विचारला जायचा तो उत्तर हवं असायचं म्हणूनच. दार लावलंस का? बाळ झोपलं का? ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नसे. पहिलीत बाईंनी फळ्यावरच्या चित्राकडे बोट दाखवून विचारलं, 'हे काय आहे?' मला वाटलं, बाईंना दिसतंय की, मग मला का विचारतात? काहीतरी डाव असणार. मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशीही गप्प. वर्षाच्या शेवटी शेरा आला : 'समज कमी आहे.'

या शेऱ्याचा उलगडा मला फार उशिरा, स्वतः शिक्षिका झाल्यावर झाला. शर्ली ब्राइस हीथ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या कॅरोलिना भागातल्या कष्टकरी वस्त्यांत वर्षानुवर्षं राहून-वावरून घरातली भाषा टिपली आणि १९८३ साली ते काम प्रसिद्ध झालं. त्यातल्या एका वस्तीत मोठी माणसं मुलांना उत्तर ठाऊक असलेले प्रश्न विचारतच नव्हती. शिक्षकांच्या घरात मात्र 'हे काय, याचा रंग कोणता' हा खेळ मूल बोलायला लागायच्या आधीपासून चालायचा. वस्तीतली मुलं शाळेत गप्प राहायची. ती मुकी नव्हती, गोष्टी रंगवून सांगण्यात तर पटाईत होती. शाळेचा प्रश्न हा कसला प्रकार आहे, एवढंच त्यांना माहीत नव्हतं. हे वाचलं त्या रात्री मी रडले होते, हे इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

म्हणून माझी पहिली तक्रार ही : तुम्ही मुलांची बुद्धी मोजली असं म्हणता, पण त्या कागदावर घर उमटलं आहे. हे माझ्या एकटीचं म्हणणं नाही. पंधरा वर्षांच्या मुलांची जी आंतरराष्ट्रीय चाचणी होते, पिसा, तिच्या २०२२ च्या फेरीत विकसित देशांच्या सरासरीत सुस्थितीतली पाव मुलं आणि हलाखीतली पाव मुलं यांच्यात गणितात ९३ गुणांचं अंतर होतं. फरक नाही असा देश सापडत नाही. तो कमी-जास्त असलेले देश मात्र आहेत, आणि माझी सगळी आशा त्या कमी-जास्तवर आहे.

बैठकीत एका सदस्यांनी १९६६ च्या कोलमन अहवालाचा दाखला दिला. 'शाळेनं काही फरक पडत नाही, घरच महत्त्वाचं, हे सिद्ध झालंय.' साहेब, तो अहवाल अर्धाच सांगून चालत नाही. जेम्स कोलमन यांच्या पथकानं सुमारे ४ हजार शाळांतली ६ लाखांहून अधिक मुलं पाहिली आणि इमारती, प्रयोगशाळा यांच्यातल्या फरकापेक्षा घरच्या पार्श्वभूमीचा गुणांशी जास्त संबंध दिसतो असं सांगितलं, हे खरं. पण त्याच अहवालात आणखी दोन गोष्टी आहेत. वंचित गटातल्या मुलांना चांगल्या-वाईट शाळेनं आणि शिक्षकानं इतरांपेक्षा जास्त फरक पडतो, ही एक. आणि मूल कुणाच्या सोबत शिकतं, शेजारच्या बाकावर कोण बसतं, याचाही त्याच्या गुणांशी घट्ट संबंध असतो, ही दुसरी. घरी जे मिळत नाही त्यातलं थोडं शेजारच्या बाकावरून मिळतं. शब्द मिळतात, पुस्तकांची नावं कळतात, 'मी पुढे अमुक शिकणार' असं म्हणण्याची सवय लागते. तुम्ही नेमका तो बाकच उचलून दुसऱ्या खोलीत नेताय.

दुसरी तक्रार शिक्क्याची आहे, आणि मला ती सगळ्यांत गंभीर वाटते.

रे रिस्ट नावाच्या संशोधकानं अमेरिकेतल्या एका शहरी शाळेत मुलांचा एक वर्ग बालवर्गापासून दुसरीपर्यंत पाहिला. १९७० साली त्याचा लेख आला. मुलं सगळी कृष्णवर्णीय, शिक्षिकाही कृष्णवर्णीय, म्हणजे वंशाचा प्रश्न वर्गाच्या आत नव्हता. शाळा सुरू झाल्याच्या आठव्या दिवशी शिक्षिकेनं मुलांना तीन टेबलांवर कायमच्या जागा दिल्या. चाचणी झालेली नव्हती. शिक्षिकेकडे माहिती होती ती घरची : कोणाच्या घराला सरकारी मदत मिळते, कोणाचे कपडे स्वच्छ आहेत, कोण शाळेच्या भाषेत बोलतं. फळ्याजवळच्या टेबलावर ज्यांना बसवलं त्यांच्याकडे तिचं लक्ष जास्त गेलं, त्यांना जास्त विचारलं गेलं, ती पुढे गेली. पहिलीत गेल्यावर ही विभागणी टिकली. दुसरीत तर आधीच्या गुणांचा आधारही मिळाला, कारण आता खरोखरच कागदावर फरक दिसत होता! आठव्या दिवशीचा अंदाज दोन वर्षांत पुरावा झाला. दुसरीतल्या गटांना नावं होती. पहिल्या गटाचं नाव वाघ, शेवटच्या गटाचं विदूषक.

आपण नावं ठेवत नाही, अक्षरं देतो. पण मुलांना क म्हणजे काय ते लगेच कळतं. आज सकाळीच मी वऱ्हांड्यात ऐकलं, 'ए, क ला कशाला घेतोस खेळायला?' पंधरवडाही झालेला नाही.

शिक्का नुसता मनाला लागतो असं नाही, तो हातातलं कामही बिघडवतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलग्यांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. ३२१ मुलगे वरच्या मानल्या गेलेल्या जातींतले, ३२१ खालच्या. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून मग तीच कोडी दिली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींतल्या मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच होती, मुलंही तशीच. वाढलं होतं ते फक्त मोठ्यानं वाचून दाखवणं. फलकावर लावलेली यादी यापेक्षा वेगळी कशी, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

आता तुमच्या बाजूचंही प्रामाणिकपणे मांडते, कारण बैठकीत ते कुणी नीट मांडलं नाही. गुणांप्रमाणे वर्ग पाडून फायदा झाल्याचं एक भक्कम उदाहरण आहे. केनियात २००५ साली १२१ शाळांत पहिलीच्या वर्गांचा प्रयोग झाला. काही शाळांत मुलांना आधीच्या गुणांवरून वरच्या आणि खालच्या अशा दोन वर्गांत बसवलं, आणि तिथल्या दोन्ही गटांचं शिकणं सुधारलं. मी हे नाकारत नाही. पण का सुधारलं, तेही पाहा. शिक्षकाला समोरच्या मुलांच्या पातळीवर उतरून शिकवता आलं, आणि कोणता शिक्षक कोणत्या वर्गाला द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. आपल्याकडे क तुकडीला कोण दिलंय? जिना संपतो तिथली खोली आणि नुकतीच तात्पुरती लागलेली शिक्षिका. ती मुलगी मनापासून काम करते, तिला माझा दोष नाही. पण २० वर्षांचा अनुभव असलेले तिघंही अ ला गेलेत. पुस्तक तेच, वेग तोच, वार्षिक परीक्षा तीच. मग पातळीवर उतरणार कोण?

पातळीप्रमाणे शिकवण्याला माझा विरोध नाही, मी स्वतः ते करते. आपल्या देशात 'प्रथम' नावाच्या संस्थेनं ही पद्धत रुजवली : दिवसातला थोडा वेळ इयत्ता विसरून मुलांना वाचनाच्या पातळीप्रमाणे एकत्र बसवायचं, अक्षरावर अडलेल्याला अक्षर, वाक्यावर अडलेल्याला वाक्य, आणि तास संपला की सगळी आपापल्या वर्गात. मूल पुढे सरकलं की गटही बदलतो. तुमच्या यादीत बदलायची सोय कुठे आहे? 'वर्षाअखेर विचार करू' असं परिपत्रकात आहे. दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष किती लांब असतं, ते आपण विसरलोय.

उलट बाजूचं उदाहरण फिनलंडचं. तिथे पूर्वी अकराव्या वर्षीच मुलांच्या वाटा वेगळ्या व्हायच्या. १९७२ ते १९७७ या काळात एकेका भागात ही पद्धत बंद करून सोळाव्या वर्षापर्यंत सगळ्यांना एकत्र ठेवलं. सुधारणा टप्प्याटप्प्यानं झाल्यामुळे तिचा परिणाम पुढे तपासता आला, तेव्हा बापाच्या कमाईवरून मुलाची कमाई ठरण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. मुलांची वाटणी उशिरा केल्यानं एवढं घडू शकतं. आपण ती पाचवीतच करतोय.

तिसरी तक्रार गृहपाठ आणि प्रकल्पांची. गेल्या सत्रात सूर्यमालेचा प्रकल्प होता. एका मुलानं जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापून, वर्तमानपत्राचे बोळे करून, पेनाच्या शाईनं रंगवून ग्रह केले. शनीचं कडं बांगडीचं होतं. ते खाली घसरत होतं म्हणून तो ते बोटानं धरून उभा होता. शनीला कडं कशामुळे, हे त्यानं मला वाचनालयातल्या पुस्तकात पाहून सांगितलं. त्याला १० पैकी ४ मिळाले, शेरा 'नीटनेटकेपणा नाही'. ज्या प्रकल्पात दिवा लागून ग्रह फिरत होते त्याला १० मिळाले आणि तो ऑफिसच्या काचेच्या कपाटात आहे. त्या मुलीनं मला खरं ते सांगून टाकलं, 'बाबांनी केलाय.' ती खोटं बोलली नाही. खोटं आपण बोललो, तिच्या प्रगतिपुस्तकात. पिसाच्या २०१२ च्या माहितीत सुस्थितीतली मुलं गृहपाठावर आठवड्याला सरासरी ५.७ तास देतात आणि हलाखीतली ४.१ तास, असं दिसलं. त्या दीड तासाच्या फरकात शांत खोली आहे, मोकळी संध्याकाळ आहे, अडल्यावर विचारायला माणूस आहे. त्यावर आपण गुण देतो, आणि त्या गुणांवरून तुकडी.

चौथी तक्रार : 'पालकांनाच पर्वा नाही.' हे वाक्य स्टाफरूममध्ये इतक्यांदा उच्चारलं जातं की आता ते कुणाला ऐकूही येत नाही. पालकसभा कामाच्या दिवशी अकरा वाजता. रोजावर काम करणाऱ्या माणसानं यायचं म्हणजे त्या दिवसाची कमाई सोडायची. तरी कुणी आलंच, तर सगळ्यांसमोर मुलाचे गुण वाचून दाखवायचे. एक आई दोन वर्षं दाराशीच उभी राहायची, आत बसायची नाही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाली, 'बसलं की सही करायला कागद पुढे येतो.'

गरिबी माणसाचं डोकं कसं गुंतवून ठेवते, यावर २०१३ साली तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास आला होता. पीक हाती यायच्या आधी, तंगीच्या दिवसांत, आणि पीक विकून पैसे आल्यावर, अशा दोन वेळा त्याच शेतकऱ्यांच्या चाचण्या घेतल्या. माणूस तोच, पण तंगीच्या दिवसांत त्याचे गुण कमी आले. संध्याकाळी 'पाढे म्हण बघू' असं म्हणायचं भान ज्या आईला राहत नाही, तिचं मूल तिला नकोसं असतं असं कृपा करून कुणी म्हणू नये.

एक गोष्ट मात्र अगदी आपल्या हातातली आहे. वाचनालयाचं कपाट. त्याची किल्ली ऑफिसात असते आणि 'मुलं फाडतात' म्हणून पुस्तकं घरी दिली जात नाहीत. २०१० साली २७ देशांतल्या माहितीवरून केलेल्या एका अभ्यासात, पालकांचं शिक्षण आणि व्यवसाय सारखा धरूनही, भरपूर पुस्तकं असलेल्या घरातलं मूल पुस्तकंच नसलेल्या घरातल्या मुलापेक्षा सरासरी ३.२ वर्षं जास्त शिकलेलं आढळलं. पुस्तक घरात ठेवलं की जादू होते असं मी म्हणत नाही. पण ज्या घरांत एकही नाही, तिथे पुस्तक न्यायला आपल्याशिवाय दुसरं कोण आहे? फाटली तर फाटू द्या, मी चिकटवून देईन.

आता अपवादांविषयी. हलाखीतल्या घरचं एखादं मूल अ यादीत आहे, आणि त्याचं नाव घेऊन बाकीच्यांना टोचलं जातं. 'ती करते ना, मग यांना काय झालं?' अशी मुलं सगळीकडे असतात. पिसाच्या २०२२ च्याच फेरीत, हलाखीतल्या मुलांपैकी सरासरी १० टक्के आपापल्या देशातल्या वरच्या पाव मुलांत पोचली होती. दहातलं एक. उरलेल्या नवांना नाकर्तं म्हणायला तुमची जीभ कशी वळते? माझंही उदाहरण दिलं जातं, हे मला माहीत आहे. 'आपल्या मॅडम बघा, अंगठेबहाद्दर घरातून आल्या.' यापुढे ते देऊ नये, अशी हात जोडून विनंती आहे. माझ्या बाकावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी माझ्यापेक्षा गणितात हुशार होती. मी तिच्या पाटीवर बघून वजाबाकी शिकले. चौथीनंतर ती शाळेत दिसली नाही. माझ्या यशाची गोष्ट सांगायचीच असेल तर तिच्यासकट सांगा.

माझ्या मागण्या अशा :

यादी फलकावरून उतरवावी आणि पाचवीच्या तिन्ही तुकड्या मिश्र ठेवाव्यात.

पातळीप्रमाणे गट करायचेच असतील तर रोज एक तास, फक्त भाषा आणि गणितासाठी. दर सहा आठवड्यांनी गट बदलावेत. सगळ्यांत मागे पडलेल्या गटाला सगळ्यांत अनुभवी शिक्षक द्यावा. तो तास मी घ्यायला तयार आहे.

मुलाला एकट्यानं करता येईल एवढाच गृहपाठ द्यावा. प्रकल्प शाळेतच, शाळेच्या साहित्यातून व्हावेत. शाळा सुटल्यावर एक वर्गखोली तासभर उघडी ठेवावी. आठवड्यातले दोन दिवस मी थांबेन. आणखी तीन सहकारी तयार आहेत, त्यांची नावं मी त्यांना विचारून कळवीन.

वाचनालयाचं कपाट उघडावं आणि दर आठवड्याला पुस्तक घरी द्यावं.

पालकसभा संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी घ्यावी. गुण ज्याचे त्यालाच सांगावेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यापुढे सहीचा कागद सरकवण्याआधी त्यावर काय आहे ते शांतपणे वाचून दाखवावं.

कुठल्याही मुलाला 'मंद' म्हणण्याआधी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत. माझ्या वर्गातला एक मुलगा वर्षभर शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो म्हणून शिक्षा खात होता. फळा त्याला दिसतच नव्हता. त्याचं नावही क मध्ये आहे, आणि त्याला चष्मा यादी लागल्यानंतर मिळाला.

नवं वर्ष सुरू व्हायला अजून अवधी आहे. समितीची पुढची बैठक होईल तिथे मला बोलू द्यावं, आणि मुलांचे पालकही, सगळ्या तुकड्यांचे, तिथे असावेत. निर्णय बदलला नाही तर हजेरीपटावर तुम्ही सांगाल ती नावं मी लिहीन, तो कामाचा भाग आहे. पण यादी वर्गात वाचून दाखवायला सांगितलंत, तर मी वाचणार नाही. हे आधीच कळवून ठेवते.

आपली नम्र,
पाचवीची एक वर्गशिक्षिका